होडी ठेवायची कुठे?

३ सप्टेंबर

आजपासून रोज लिहायचं. लिहिलं की डोकं साफ राहतं, निर्णय पटापट होतात.

सध्या निर्णय एकच. होडी. दोन उन्हाळे ती अंगणात ट्रेलरवर, ताडपत्रीखाली उभी आहे. आणि दोन उन्हाळे सासूबाई फ्रिजवर आहेत. म्हणजे त्यांची रक्षा, निळ्या बरणीत. मला समुद्रात सोडा, एवढंच मागितलं होतं म्हातारीनं. आज व्हर्ना म्हणाली, एकोणीस ऑक्टोबरला आईचा वाढदिवस आहे, त्या दिवशी तरी तिला होडीतून नेणार आहेस का? अगदी शांतपणे म्हणाली. बायको ओरडते तोवर ठीक असतं.

होड्या ठेवायच्या मरीनात दोनच जागा उरल्यात. एक रॅकवर. मोठ्या शेडमध्ये फोर्कलिफ्टनं होडी उचलतात आणि फडताळात डबे लावावेत तशी एकीवर एक लावून ठेवतात. दुसरी लिफ्टवर. धक्क्याला लागून आपली स्वतःची जागा, होडी पाण्याच्या वर पट्ट्यांवर टांगलेली, बटण दाबलं की खाली. शुक्रवारपर्यंत ठरवतो. आयुष्यभर काउंटीचे रस्त्यांवरचे सिग्नल सांभाळलेत. थांबायचं कधी आणि निघायचं कधी, हे मला कोणी शिकवू नये.

६ सप्टेंबर, सकाळ

ठरलं. रॅक. ऊन नाही, पाऊस नाही, पेलिकन पक्ष्यांची घाण नाही.

६ सप्टेंबर, संध्याकाळ

रॅकवाल्यांना आदल्या दिवशी फोन करावा लागतो म्हणे. माझ्याच होडीसाठी मी परवानगी मागू? हॅट! लिफ्ट.

७ सप्टेंबर

पण वादळ आलं तर लिफ्टवरची होडी ज्याची त्यानं हलवायची. तेव्हा रॅक.

शेजारच्या हॉलिसला विचारलं. तो म्हणाला, नाणं उडव आणि मोकळा हो. असली अक्कल असली की माणूस त्याच्यासारखी चपटी, तराफ्यासारखी पाँटून घेतो. ती काय होडी आहे? पाण्यावर सोडलेला सोफा.

१४ सप्टेंबर

वादळ येतंय. टीव्हीवर दुसरं काही नाही. व्हर्नाला म्हटलं, बघ, बरं झालं होडी लिफ्टवर नाही ते! ती म्हणाली, रॅकवर तरी कुठे आहे? मुद्दा तो नव्हता.

१६ सप्टेंबर

वादळ पश्चिमेला वळलं. म्हणजे लिफ्टला तसा धोका नाहीच. पुन्हा पहिल्यापासून विचार करतो, पण आता शास्त्रशुद्ध.

२३ सप्टेंबर

व्हर्ना ओकालाला बहिणीकडे गेली. नडीनचा गुडघा दुखतोय. ऑपरेशन गेल्याच वर्षी झालं होतं, पण हा दुसरा असेल. थंडीचा कोट नेला. ओकालात गारवा असतो. शिवणयंत्रही नेलं. गुडघ्याचं दुखणं, वेळ लागतोच.

दारातून म्हणाली, तुझं काही ठरलं तर फोन कर. सासूबाई इथेच आहेत, म्हणजे काळजीचं काही नाही. आईला टाकून कोण जातं?

३० सप्टेंबर

घर खायला उठतं. रात्रीचं जेवण म्हणजे उकडलेले शेंगदाणे आणि बिअर. व्हर्ना मक्याची पोळी करायची तेव्हा मी कोरडी म्हणायचो. आता कोरडी मिळाली तरी चालेल.

सासूबाईंना दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. हयातीत त्यांनी माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही. आज सगळं ऐकून घेतलं.

४ ऑक्टोबर

बस्स! होडी ओढत मरीनात नेली आणि मॅनेजर डेल्मरला ठणकावून सांगितलं, रॅक! तो मोजपट्टी लावलेली काठी घेऊन आला. होडीवर मी हौसेनं जे छत बसवलंय ते रॅकच्या खणात मावत नाही. वीतभर जास्त. कधीच मावलं नसतं. डेल्मरनं विचारलं, साहेब, मग महिनाभर तुम्ही नेमका कसला विचार करत होता?

बोंबला! पण विचार कधी वाया जात नाही. लिफ्ट घेऊन टाकली. निर्णय!

व्हर्नाला फोन केला. ती म्हणाली, खरंच? दोनदा विचारलं. एकोणीसला येते म्हणाली. आईला मीच घरून घेऊन येईन, तुझ्यावर सोडलं तर पुढच्या वर्षीही ती फ्रिजवरच असेल. मी विचारलं, मग राहशील ना घरी? म्हणाली, एकोणीसला बघू. म्हणजे हो.

१२ ऑक्टोबर

होडी लिफ्टवर चढली. काय दिसते! डेल्मरनं बजावलं, वर असताना बुडाचं बूच काढून ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी साचेल. खाली सोडताना मात्र आठवणीनं लावा. मला शिकवतोय!

बूच घरी आणलं आणि फ्रिजवर सासूबाईंना खेटून ठेवलं. एकोणीस तारखेला माणूस काहीही विसरेल, पण सासूबाईंना कसा विसरेल?

१८ ऑक्टोबर

शर्टाला इस्त्री केली. बेकरीतून व्हर्नाला आवडतो तो लिंबाचा गोड पाय आणला. हॉलिस म्हणाला, अडलंनडलं तर माझी पाँटून आहे. मी हसलो.

१९ ऑक्टोबर, सकाळ

समुद्र कसा, ताटात वाढल्यासारखा. मी पुढे होतो. परत येऊ ते दोघं मिळून.

१९ ऑक्टोबर, संध्याकाळ

लिहायचं नव्हतं.

होडी खाली सोडली. इंजिन एका फटक्यात सुरू. बंद करून ऐटीत व्हर्नाची वाट बघत बसलो. जरा वेळानं पाय गार लागायला लागले. बघतो तर घोट्यापर्यंत पाणी. बूच! खिशातल्या रिमोटचं बटण दाबलं. पाण्यानं जड झालेली होडी घेऊन लिफ्ट कण्हत कण्हत अर्ध्यावर आली आणि बंद पडली. मी अधांतरी, खाली बुडातून धो धो पाणी.

तेवढ्यात सोफा आला. हॉलिस सुकाणूवर. नडीन दोन्ही गुडघ्यांवर ठणठणीत उभी. मध्ये व्हर्ना, मांडीवर बरणी. बरणी घ्यायला गेली तर शेजारी बूच दिसलं, म्हणाली. तिथूनच तिनं हॉलिसला फोन केला होता.

चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. हॉलिसनं पाँटून थेट माझ्या होडीला खेटून लावली. फक्त एक पाय खाली टाकायचा होता. व्हर्नानं हात वर केला आणि म्हणाली, सोड रे ती होडी, वेंडेल. ये. आई वाट बघतेय. मीही बघतेय.

आता, मी उतरलो आणि इकडे पट्टा सुटला तर होडी गेली. नाही उतरलो तर सासूबाईंचा वाढदिवस गेला. दोन्हीकडे काही ना काही होतंच. मी म्हटलं, एक मिनिट, विचार करतो.

ते थांबले. मिनिटापेक्षा पुष्कळ थांबले. व्हर्नाचा हात तसाच वर होता. मग तिनं तो खाली घेतला, बूच माझ्या होडीत टाकलं आणि हॉलिसला म्हणाली, चला. मी टोपी काढून उभा राहिलो. ते फार लांब गेले. बरणी उघडली तेही इथून दिसलं नाही.

डेल्मरनं शिडी लावून मला उतरवलं, तोवर व्हर्ना परस्पर ओकालाच्या रस्त्याला लागली होती. लिंबाचा पाय तसाच आहे. एकट्यानं कापवेना. रडलो. कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, पोटभर रडलो.

छत कापलं तर होडी रॅकमध्ये मावेल. तिथे बूच त्यांचीच माणसं लावतात. व्हर्नाला हे पटेल. सोमवारी डेल्मरला विचारतो. किंवा मंगळवारी.

फ्रिजवर आता नुसतं बूच आहे.