झाडणीचे पॉइंट

विटा, जि. सांगली
गुरुवार, दुपारची भांडी घासून झाल्यावर

चि. क्रांती हिला सिंगापुरात पोहोचेल एवढा लांब हात करून आज्जीचा आशीर्वाद.

पत्र लालासाहेब भावजी लिहीत आहेत, सांगते आहे मी. पलटणीत कारकुनी केलेला माणूस, अक्षर परेडला उभं केल्यासारखं सरळ. पण खोड अशी की मी 'लय' म्हटलं की ते 'अत्यंत' लिहितात आणि 'हाय' म्हटलं की 'आहे' लिहितात. तेव्हा जिथं 'आहे' दिसेल तिथं 'हाय' वाच, आणि जिथं 'अत्यंत' दिसेल तिथं भावजींना हास. (वहिनींच्या आज्ञेवरून हेही लिहिले आहे. — ला.) फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू निम्मा वेळ 'आज्जी, तुझं नुसतं कपाळ दिसतंय' एवढंच म्हणतेस. कागदावर मी पूर्ण दिसेन.

इकडं सगळं ठीक. माझे गुडघे माझ्याआधी उठतात आणि कुरकुरतात. तुझी आई दीपमाला बरी आहे, फक्त तुझे फोटो बघून 'वाळली पोरगी' म्हणत बसते. मग बोटांनी फोटो ताणते, त्यात तू जाड दिसतेस, तेव्हा कुठं तिला भाकरी गोड लागते. तुझं कसं चाललंय? वेळेवर जेवतेस का, की जिथं पॉइंट मिळतील तिथंच?

तर कारण असं. गेल्या रविवारी तू विचारलंस, 'आज्जी, तूच सांग, काळं कार्ड घेऊ का सोनेरी?' हसत विचारलंस, हे मला कळलं. पण ह्या घरात मला कुणी काही विचारून लय दिवस झाले (इथं भावजींनी 'अत्यंत दिवस' लिहिलं होतं, वाचून दाखवताना सापडलं), म्हणून मी ते काम अंगावर घेतलं. मला समजलं ते बरोबर आहे का बघ. काळ्याची वर्षाची फी भारी, पण विमानतळावर लाउंज नावाच्या खोलीत फुकट बसायला-खायला मिळतं, आणि खर्च करशील तसे मैल जमतात. सोनेरीला फी नाही, खोलीही नाही, पण खर्चातलं थोडं परत येतं. म्हणजे दोन्हीकडं खर्च करणाऱ्यालाच बक्षीस! मी जन्मभर एका काडीत चूल आणि कंदील दोन्ही पेटवले, मला कुणी एक मैलसुद्धा दिला नाही गं.

पहिली चौकशी जयराजकडं केली. भावजींचा थोरला, कोइमतूरला तुझ्या आजोबांचंच गलाईचं दुकान चालवतो, सध्या जत्रेला आला आहे. सोन्यातलं त्याला विचारायचं नाही तर कुणाला? म्हटलं, सोनेरी कार्ड किती टंचाचं असतं? तो म्हणाला, 'काकी, ते प्लॅस्टिक असतंय.' आता बघ, आपली माणसं मुलखाबाहेर जाऊन लोकांचं जुनं सोनं आटवून शुद्ध करून देणारी, आणि आपली पोरगी प्लॅस्टिकला सोनेरी म्हणणार. सोनेरी कार्ड तिथंच माझ्या मनातून उतरलं.

मग भावजींना घेऊन बँकेत गेले. टेबलावरची मुलगी गोड होती. तिला वाटलं मला पेन्शनचं काम आहे, मग वाटलं एटीएम हरवलं आहे, मग तिनं केवायसीला अंगठा घेतला तो मशीनला पटेना. (भाकरी थापून रेषा उरल्या नाहीत, त्याला मी काय करू?) मी म्हटलं, 'बाई, मला कार्ड नको, मत पायजे.' मैलांचं सगळं तिनं समजावून सांगितलं. त्या मैलांना मुदत असते, वापरले नाहीत तर मरतात, असंही म्हणाली. बरंच आहे की, त्यांना तरी तारीख लिहून येते. शेवटी मी विचारलं, 'किती मैल जमले की माणूस घरी येतं?' त्यावर ती संगणकात बघायला लागली. अजून बघत असेल.

आता लाउंजविषयी. तू इस्तंबूलला गेलीस तेव्हा आधीच्या कार्डाची फुशारकी मारायला एक फोटो पाठवलास ना, पाय पसरून बसलेली, मांडीवर ताटली? तुझ्या आईनं सवयीनं तो ताणला. तुझ्या जागी ताटली मोठी झाली, आणि ताटलीत कांदेपोहे, वर ओलं खोबरं. मी म्हटलं, तुर्कांच्यात पोहे करतात का? भावजींनी भिंग आणलं. तुझ्यामागच्या काचेवर पाटी होती, मराठीत. मुंबईचं विमानतळ, क्रांते. पॉइंटातलं स्वस्त तिकीट मुंबईवरून जात होतं, हे जयराजनं नंतर समजावलं. सकाळभर तू मुंबईत होतीस आणि आम्हाला फोटो आला तो तू उडून गेल्यावर.

मी काही म्हणत नाही. तेवढ्या वेळात विट्याला येऊन जाणं होत नाही, एवढं मलाही कळतं. पण आदल्या दिवशी सांगितलं असतंस तर रात्रीच्या गाडीत बसले असते. साताऱ्याला गाडी चहाला थांबते, तिथं पाय मोकळे केले असते, आणि सकाळी काचेला नाक लावून उभी राहिले असते. आतून तू पोहे खाल्ले असतेस, बाहेरून मी बघितलं असतं. त्याला कार्ड लागत नसावं. तुझ्या आईनं तो फोटो अजून पुसलेला नाही, पण ताणतही नाही. (वहिनी पाणी प्यायला उठल्या. बराच वेळ प्याल्या. — ला.)

आता माझं मत. तुझे आजोबा कोइमतूरला होते तेव्हा दुकान झाडलं की माती फेकायची नाही, असा नियम होता. आटणीच्या वेळी सोन्याचे कण उडतात, डोळ्याला दिसत नाहीत, जमिनीवर बसतात. ती झाडणीची माती डब्यात साठवायची. वर्षाकाठी जाळायची, धुवायची, आटवायची, की हरभऱ्याएवढं सोनं निघायचं. ते तिथं विकायचं नाही. ते घेऊन गावी यायचं. मी त्यांना कधी 'कवा येणार' विचारलं नाही. 'डबा किती भरला?' एवढंच विचारायची.

तुझे पॉइंट म्हणजे तुझ्या खर्चाची झाडणीच की. तेव्हा कार्ड काळं घे, पण पाय पसरायला नको, झाडणी लवकर भरते म्हणून घे. आणि झाडणीचं सोनं कुठं न्यायचं असतं, ते वर लिहिलं आहे.

जास्त काय सांगायचं? भावजींचा हात दुखायला लागला आणि माझं सांगून झालेलं नाही, म्हणून इथं थांबते.

तुझी आज्जी,
राहीबाई
(अंगठा शेजारी आहे. रेषा शोधू नये.)

ता. क. पोस्टानं हे पत्र कधी पोहोचेल सांगता येत नाही, म्हणून जयराज याचा फोटो काढून पाठवेल. वाचताना ताणू नकोस, मी जाड दिसेन.

ता. क. दारापुढच्या कट्ट्यावर वाकळ टाकली आहे. पाय पसरायची सोय आहे. पोहे मिळतील, ओलं खोबरं तुझं तू खवायचं.

ता. क. ही ओळ मी म्हणते तश्शी लिवा, एक अक्षर सुदरायचं न्हाई, असं भावजींना बजावलंय. क्रांते, एका साली झाडणीत काय बी निगालं न्हाई गं. माती जाळली, धुतली, आटवली, खाली मातीच. तवा तुझा आजा रेल्वेच्या डब्यात दाराशी बसून मिरजेला आला न् तितनं घरी. दारात हुबा ऱ्हाऊन म्हणला, 'राहे, औंदा मोकळाच आलोय.' तवा कार्ड कुटलं बी घे, न्हाईतर घिऊ नगं. तुझ्या आजाला मी तवा काय म्हणले, ते भावजींच्या म्होरं सांगत न्हाई. आलीस म्हंजी कानात सांगीन.