सुटकेचा भोंगा

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. पायाची जखम भरत आली हे वाचून बरं वाटलं. ओले मोजे घालून बसू नकोस. हे आई लिहायची, आता मी लिहिते. इकडे नळाला पाणी येतं, वीज संध्याकाळची येते आणि आपला बोका परत आला. आमची सगळ्यांची हाडं वर आली, आणि हे साहेब युद्धभर कुणाकडे पाहुणचार झोडत होते कोण जाणे, गलेलठ्ठ होऊन आलेत.

शिंपीकाकांच्या दुकानाला अजून काच नाही, पुठ्ठा लावलाय. माझं इस्पितळाच्या धुलाईघरातलं काम चालू आहे. रक्ताचा डाग थंड पाण्यातच जातो, गरम पाण्यात पक्का बसतो, हे मी नव्या बायकांना शिकवते. मोठी बाई झालेय मी आता तिथे.

बघ, सुरू झाली माझी टकळी. हिला मुद्द्यावर आणायचं म्हणजे विहिरीतून बादली ओढण्यासारखं आहे, असं तू म्हणायचास. आज माझी मलाच ओढायची आहे.

तुमच्या तुकडीने शपथ घेतली म्हणून लिहिलंस. तह झाल्यावर त्यांनी आपल्या गल्लीवर गोळा टाकला, आईला मारलं, तेव्हा तह गेला उडत, हुकूम येवो न येवो, तुमची तोफ गप्प बसणार नाही. ते वाचून मी हे लिहायला घेतलं. दादा, हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच चुरगाळून फेकू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

तू गेलास तेव्हा बाबांकडे भोंग्याचं काम नव्हतं. भोंगा पाण्याच्या टाकीवर बसवला, म्हणून तो पंप चालवणाऱ्याच्या गळ्यात पडला. आवाज खालीवर झाला की धोका, शाळेच्या तळघरात पळायचं. एकसुरी लांब आवाज आला की सुटका, बाहेर यायचं. धोक्याचा भोंगा बाबा लष्कराचा फोन ठेवायच्या आत वाजवायचे. सुटकेच्या भोंग्याला मात्र त्यांचं भलतंच काहीतरी. फोन आला तरी आधी टाकीवर चढून चहूकडे बघणार, खाली उतरणार, आपण होऊन पुन्हा फोन करून खात्री करणार, आणि मग बटण दाबणार. तोवर आम्ही तळघरात उकडून निघायचो. गल्लीने त्यांचं नावच सबुरीकाका ठेवलं. आई तर रोज ऐकवायची की तुमच्या सबुरीपायी माझी भाजी करपते. बाबा नुसते हसायचे आणि करपलेली भाजी खायचे.

त्या दिवशी दुपारी सुटकेचा भोंगा सुरू झाला आणि थांबेचना. इतका लांब कधीच वाजला नव्हता. धुलाईघरात आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो, मग कुणीतरी म्हणालं, संपलं वाटतं. आणि खरंच संपलं होतं. बायका ओल्या हातांनी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी वेड्यासारखी हसत होते. आपल्या गल्लीत म्हणे सगळे रस्त्यावर आले, शिंपीकाकांनी दुकानातल्या खुर्च्या बाहेर मांडल्या. आईने तळघरातली सगळ्यांची पांघरुणं अंगणात आणली. कुबट वासाने डोकं उठलं होतं तिचं, उन्हात घालते म्हणाली. शिंपीणकाकू दोरीचं दुसरं टोक धरायला गेल्या.

गोळा अंगणातच पडला.

इस्पितळात माणसं आणायला लागले तेव्हा मला काहीच कळेना. युद्ध संपल्यावर ही कुठून आली, असं मी कुणाला तरी विचारलं. चादरी मागत होते, मी घड्या उलगडून देत होते. एक चादर मी माझ्या हाताने दिली. ती कुणावर घातली ते मागाहून कळलं. अजूनही काम करताना हात मध्येच थांबतो, आणि पुढे काय करायचं ते आठवत नाही.

बाबा तेव्हापासून एक अक्षर बोलले नव्हते. दुःखाने वाचा बसली, असंच आम्ही धरून चाललो. वर्तमानपत्रांनी लिहिलं, भोंगा झाल्यावर, निर्धास्त माणसांवर, तह मोडून. कुणी वेळ घड्याळाशी ताडून पाहिली नाही. मीही नाही. तुला खरं सांगते, मला शेजारच्या देशातलं एकेक घर जळायला हवं होतं.

गेल्या रविवारी शाळेत शोकसभा झाली. बाबांना पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. मोठे पाहुणे आले होते, त्यांनी तापवलं सगळ्यांना. तह फाडून टाका, असा ओरडा सुरू झाला. शिंपीकाका काकूंचं नाव घेऊन सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते, आणि त्यांच्याशेजारी मी. तेवढ्यात बाबा उठले. मला वाटलं, घरी जायचं असेल, म्हणून मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला.

"तह त्यांनी मोडला नाही," बाबा म्हणाले. "तोफा संध्याकाळी सहाला थांबायच्या होत्या. मला फोनवर तसंच सांगितलं होतं. भोंगा मी आधी वाजवला. आपल्या अंगणात सहाला ऊन नसतं. ती पांघरुणं उन्हात घालत होती."

दादा, त्या दिवसापासून मी शंभरदा म्हणाले असेन की आई पांघरुणं उन्हात घालत होती. तेच वाक्य, माझ्याच तोंडून. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

शिंपीकाकांनी आपली खुर्ची उचलली आणि लांब नेऊन ठेवली. बाबांना घरी मी एकटीने आणलं. त्या रात्री आपल्या खिडकीवर दगड आला. दाराशी आता कुणी येत नाही.

मी बाबांना काय काय बोलले ते लिहीत नाही. आईला तुम्ही मारलंत, हेसुद्धा बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी विचारलं, रोज दहा दहा वेळा खात्री करणारा माणूस, त्याच दिवशी घाई कसली झाली होती? म्हणाले, "सह्या झाल्यावर कोण कशाला गोळा टाकेल, असं वाटलं गं. आणि म्हटलं, तिला एकदा तरी लवकर सोडावं."

दोन दिवसांनी चौकशीला माणसं आली, आपल्याकडचीही आणि त्यांच्याकडचीही. बाबांनी त्यांना टाकीवर नेलं, बटण दाखवलं, अंगणातली ती जागा दाखवली, आणि सभेत बोलले तेच पुन्हा सांगितलं. गप्प बसले असते तर त्यांच्या केसालाही धक्का लागला नसता. आता त्यांच्यावर खटला होईल म्हणतात. तह मात्र टिकला आहे. तुमच्यासारख्या कुणी तोफ उडवली नाही तर टिकेल.

तू बाबांवर संतापशील. संताप. घरी ये आणि त्यांच्यासमोर उभा राहून संताप. मीही अजून त्यांच्याशी धड बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बाहेर जाते. पण ती शपथ आईच्या नावाने घेतली असशील तर मोडून टाक.

आणखी एक आहे. ते लिहू नये असं वाटत होतं, म्हणून बोक्यापासून सुरुवात केली.

आईचं कळायच्या आधी तू एक पत्र लिहिलं होतंस, तहाच्या दुसऱ्या दिवशीचं. ते रखडत रखडत काल टपालात आलं. किती खुशीत होतास तू त्यात. सह्या झाल्याचं दुपारीच कळलं, सहापर्यंत वेळ होता, उरलेले गोळे डोंगरावरून पाठीवर वाहून खाली आणायचा कंटाळा, म्हणून सगळे पलीकडे उडवून मोकळे झालो, आता रिकाम्या हातांनी घरी येणार, असं लिहिलंस. मी ते बाबांना वाचून दाखवलं. तुझी खुशाली कळली की जरा जेवतील, असं वाटलं होतं.

बाबांनी तेवढा भाग मला पुन्हा वाचायला लावला. मग एकच विचारलं, "समोर गाव होतं का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, दादा आला की विचारू.

तर ये. वाट बघतोय, दोघंही.

तुझी,
बडबडी