आकडे आपले आपण

१८ नोव्हें. ९६, सोम.
बोलून बसले. आता निस्तरा.
रतनशेठनी सकाळी केबिनमध्ये बोलावून पुण्याच्या एजन्सीच्या पुस्तिका टेबलावर आपटल्या. "हे बघा, आकडे कसे सरळ. आणि आपलं? कृती ६ नंतर पुन्हा कृती ६."
खरंय. आमच्या कारखान्याच्या ठिबक सिंचनाच्या नळ्या बसवायच्या, धुवायच्या, दुरुस्तीच्या सगळ्या पुस्तिका मी आणि वंदना करतो. आमचे शेतीतज्ज्ञ पाटीलभाऊ छपाईच्या आदल्या दिवशी हमखास "एक कृती राहिली" म्हणत येतात. मग खालचे सगळे आकडे हाताने बदला. एखादा राहतोच.
शेठ म्हणाले, मार्चपासून काम पुण्याला. मला डिस्पॅचला टायपिंग.
तोंडातून निघून गेलं: डिसेंबरच्या शेतकी प्रदर्शनाच्या आत सगळ्या पुस्तिका एका टेम्प्लेटमध्ये बसवते. कृती कुठेही घुसवा, आकडे आपले आपण पडतील.
"आपले आपण?"
"हो."
कसे, ते देव जाणे. पण डिस्पॅचला मी जाणार नाही. पुस्तिका माझ्या आहेत.

१९, मंगळ.
इंग्रजीत जमलं. "कृती" नावाची स्टाइल केली, तिला क्रमांक जोडला. एंटर मारला की पुढचा आकडा हजर. पण ओळ मराठी आणि आकडा इंग्रजी. धोतरावर टाय. शेतकऱ्याला हे द्यायचं नाही.
दुपारी लाइट गेली, दोन तासांचं काम गेलं. वंदना म्हणे, "ताई, सेव्ह करत जा ना." करत जा ना!

२०, बुध.
सापडलं!!
आकड्याला स्वतःचा वेगळा फाँट देता येतो. तिथे आपला मराठी फाँट टाकला आणि १ २ ३ डोळ्यांसमोर मराठी झाले. मी इतकी जोरात ओरडले की अकाउंट्सवाले डोकावले. वंदनाने चहा मागवला. आज माझ्या वाटेला कोणी जाऊ नये.

२१, गुरु.
कालचा माज उतरला. पोटकृतींना a b c ठेवलं होतं, त्यांनाही मराठी फाँट दिला. त्या फाँटात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे असतात. आलं काय, तर एक वेलांटी, एक अर्धा ष आणि लटकता अनुस्वार. वंदना हसून हसून खाली बसली. a b c काढून टाकले. आता ३.१, ३.२. तसंच बरं दिसतं.

२३, शनि.
पाटीलभाऊंना बसवून दाखवलं. आम्ल प्रक्रियेची पुस्तिका, म्हणजे नळ्यांत साचलेला क्षार आम्लाने कसा काढायचा ती. म्हटलं, घुसवा तुमची कृती. त्यांनी मधोमध एक घातली. खालचे आकडे सरकले.
भाऊ बघतच राहिले. "अरे बापा! मले पुन्हा दाव." ऑफिसात शुद्ध बोलणारा माणूस, चकित झाला की थेट गावच्या बोलीत, रावेरला पोचतो. मग मुद्दाम कृती घालत आणि काढत बसले. शेवटी मीच माउस काढून घेतला.

२४, रवि., धुळे.
घरी आले तरी कागदावर स्टाइली आखत बसले. आई म्हणाली, "तुना आकडावर बठ्ठं जळगाव चालस का व माय? जेवी ले आधी." मी म्हटलं, चालतं, सगळं जळगाव चालतं. जेवले पण.

२७, बुध.
शरम.
आम्लाच्या पुस्तिकेचं प्रूफ आलं. सगळ्यात वर, ठळक: १. ॥ श्री ॥
शेठच्या वडिलांचा, बाबूजींचा दंडक आहे. या कारखान्यातला कुठलाही कागद श्रीशिवाय छापायचा नाही. वंदनाने नेमाने टाइप केलं, एंटर मारला. स्टाइल "कृती"चीच. म्हणून श्री झाली पहिली कृती.
हसून सोडलं असतं. पण वरच्या लाल चौकटीत वाक्य आहे: "कृती ४ झाल्यावरच आम्ल ओता." कृती ४ म्हणजे ड्रममध्ये पाणी भरणे. चौकटीतला ४ हाताने टाइप केलेला, तो जागचा हलला नाही. यादी मात्र एकाने सरकली. आता कृती ४ म्हणजे फिल्टर धुणे. म्हणजे फिल्टर धुवा आणि कोरड्या ड्रममध्ये आम्ल ओता. मग त्यावर पाणी. अंगावर उसळलं असतं.
पाटीलभाऊंचा चेहरा उतरला. "लोक फक्त चौकटच वाचतात हो, ताई."
शेठना श्रीचंच हसू आलं. हसून झाल्यावर म्हणाले, "पुण्याकडून असं येत नाही." संताप संताप झाला. शेठचा नाही. माझाच. अर्धेच आकडे आपले आपण केले होते.

२९, शुक्र.
श्रीला स्वतंत्र स्टाइल दिली, बिनआकड्याची, मधोमध. ती टेम्प्लेटमध्येच बसवून टाकली. फाइल उघडली की श्री आधीच हजर. वंदनाला टाइप करायची गरजच नाही. ती म्हणाली, "देव आपोआप आला की." बाबूजींना प्रूफ दाखवलं. त्यांनी श्री पाहिली, मान हलवली, पुढे काही वाचलं नाही.
चौकटीचं अजून सुटत नाही.

२ डिसें., सोम.
सुटलं!
पाणी भरायच्या कृतीला खूण लावायची. चौकटीत आकडा टाइपच करायचा नाही, ती खूण बोलवायची. पाणी जिथे जाईल तिथला आकडा चौकटीत येतो. फक्त छापण्याआधी सगळं सिलेक्ट करून F9 दाबायचं. नाही दाबलं तर जुनाच आकडा. वंदनाच्या मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली: F9. माझ्याही. प्रिंटरवर पण.

३, मंगळ.
शेठ स्वतः माझ्या टेबलाशी आले. उभेच. "ह्याला वर न्या." नेलं. "हे काढा." काढलं. "इथे दोन घाला." घातल्या. F9. चौकटीतला ४ झाला ६, आणि सहावी कृती पाणीच. त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढून बसले. शेठ आमच्या विभागात कधी बसत नाहीत.
"सगळ्या पुस्तिका यात?"
"सगळ्या."
"प्रदर्शनाचं इथेच छापा."
पाटीलभाऊ मागून म्हणाले, "शेठ, एक कृती राहिली होती." मी म्हटलं, द्या, दहा राहिल्या असतील तर दहा द्या.

७, शनि.
पाटीलभाऊंच्या मळ्यात भरीत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, कळण्याची भाकरी. वहिनींनी विचारलं, "ह्यांच्या कृत्या तुम्हीच सांभाळता का?" भाऊ लाजले. खूप जेवले. खूप हसले. किती दिवसांनी.

१८, बुध.
प्रदर्शन. आमच्या टेबलावरचे गठ्ठे संपत आले. साक्रीकडचे एक आबा आम्लाची पुस्तिका घेऊन उभ्यानेच वाचत होते. फक्त चौकट. मग पान उलटून बोटाने कृती शोधली आणि शेजारच्याला म्हणाले, "आधी पानी शे, भो." मी खांबाआड जाऊन डोळे पुसले. वेडी आहे मी.

२३, सोम.
पुण्याहून फोन. एजन्सीतल्या बाई. शेठनी आमच्या पुस्तिका तिकडे पाठवल्यात, मार्चचं बोलणं अजून चालूच आहे म्हणे. मला कोणी सांगितलं नाही.
बाई म्हणाल्या, "शेठ सांगत होते, मधे कृती वाढली तरी तुमचा एकही आकडा चुकत नाही. कसं करता?"
"तुम्ही कसं करता?"
"हातानेच हो."
हातानेच! फोनवर हसू दाबताना पुरेवाट झाली.
मग त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे फवारणीच्या औषधांच्या पुस्तिका आहेत. कृतीचे आकडे चुकतात, भीती वाटते. टेम्प्लेटची फ्लॉपी मिळेल का?
शेठना विचारलं. म्हणाले, "साचा तुमचा. द्यायचा की नाही, तुम्ही ठरवा." मार्चचं विचारलं, तर घड्याळ बघितलं.
फ्लॉपी दिली की उद्या हेच काम तिकडे होईल, माझी कोणाला गरज उरणार नाही. नाही दिली, तर कुठल्या तरी शेतात कोणीतरी चुकीची कृती ४ वाचणार.
जेवणानंतर कॉपी केली. तीनदा उघडून तपासली. सोबत एक ओळ लिहिली: छापण्याआधी F9 विसरू नका.
पाकीट उघडंच आहे. शिपाई सकाळी टपाल नेतो.