बाबांच्या तोंडातले दोन स्क्रू

प्रति,
मुख्य अधिकारी साहेब,
सरकारी दातांचा दवाखाना, पहिला मजला.

विषय: वडिलांच्या तोंडात नसलेले दोन स्क्रू केस पेपरवरून काढून टाकणे व तीन दाढांतली जुनी चांदी सवलतीत बदलून मिळणेबाबत.

संदर्भ: खिडकी नंबर चारवर आज झालेलं भांडण.

महोदय,

“बापाच्या तोंडात पंचवीस-पंचवीस हजारांचे दोन स्क्रू, आणि पोरगा सवलत मागायला आलाय! लाज कशी वाटत नाही?” असं आपल्या चार नंबरच्या मॅडम अख्ख्या रांगेसमोर बोलल्या. मी म्हणालो, “मॅडम, स्क्रू नाहीयेत ते, खिळे आहेत.” तर म्हणाल्या, “मग सुताराकडे जा ना.” रांग हसली. बाबा पण हसले, ते सगळ्यांबरोबर हसतात. मी काउंटरवर हात आपटला, त्याबद्दल माफी असावी. काच आधीच तडकलेली होती.

मी शाळा सोडलीय, तरी अर्ज मीच लिहितोय, कारण बाबांना लिहायला सांगितलं तर ते मॅडमचे आभार मानून मोकळे होतील.

१. बाबा सोफ्याच्या कारखान्यात कापड ठोकतात. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्या हातात चुंबकाची हातोडी, म्हणून खिळे तोंडात. मूठभर बारीक खिळे ते गालात भरतात, जिभेने एकेक सुलटा करून ओठांवर आणतात, हातोडी तो ओढून घेते आणि ठोकते. बोलायला तोंड मोकळं नसतं म्हणून कारखान्यात त्यांना ‘मुका’ म्हणतात. त्यांच्या उस्तादाची एक शिस्त होती, शेवटचा खिळा थुंकायचा नाही, घरी जाईपर्यंत गालात ठेवायचा. उस्ताद गेले, शिस्त राहिली.

२. त्यांच्या तीन दाढांत माझ्या जन्माआधी भरलेली चांदी आहे. कडा सुटल्यात, खाली काळं पडलंय, आणि लोखंड लागलं की झिणझिण्या थेट कानात जातात. तपासणाऱ्या डॉक्टरताईंनी सगळं नीट समजावलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. चांदी आता इथे भरत नाहीत. सिमेंट भरलं तर दाढेमागे तीनशे, पण ते लवकर झिजतं. दाताच्या रंगाचं भरतात, निळा लाइट मारून घट्ट करतात, त्याचे बाराशे, ते टिकतं. कीड आत दाताच्या शिरेपर्यंत गेली असेल तर रूट कॅनल आणि वर कॅप, सहा हजार. बाबांची अजून तेवढी गेलेली नाही. सवलत कार्डावर बाराशेचं काम दोनशेत होतं. आणि दाढ उपटायची असेल तर फुकट. त्याला रांगसुद्धा नाही.

३. एक्स-रेवाल्याने बाबांना सांगितलं, अंगावरचं सगळं धातूचं काढा. बाबांनी घड्याळ काढलं, पट्टा काढला, किल्ल्या काढल्या, पँट धरून उभे राहिले. गालातला खिळा काढला नाही. तो त्यांना धातू वाटतच नाही, दातासारखाच वाटतो. फोटोत खिळा आला. शिकाऊ डॉक्टरने त्यावर लिहिलं, ‘डावीकडे इम्प्लांटचा स्क्रू, खाजगीत केलेला.’ ज्याला खाजगीत स्क्रू परवडतो त्याला सवलत नाही, असा आपला नियम आहे म्हणे. घरी आल्यावर बाबांनी तोंडातून खिळा काढून खिडकीत ठेवला तेव्हा मला सगळं कळलं. मी खूप बोललो त्यांना. आईने मला जेवायला वाढलं नाही.

४. डॉक्टरताईंनी दया येऊन आज परत एक्स-रे लिहून दिला. सकाळी निघताना मी स्वतः बाबांचा जबडा उघडून, मोबाइलची बॅटरी मारून बघितलं. रिकामा होता. मग मी झेरॉक्स काढायला गेलो आणि तेवढ्यात ह्यांनी खिशातला दुसरा खिळा तोंडात टाकला! ह्या वेळी उजवीकडे. शिकाऊ डॉक्टर तोच. त्याने जुना फोटो काढला, नवा शेजारी धरला आणि लिहिलं, ‘एकूण स्क्रू दोन.’ साहेब, त्या माणसाला जुन्या फोटोतला डावीकडचा स्क्रू नव्या फोटोत दिसला नाही, तरी त्याने दोन मोजले. आता आपल्या कागदावर माझ्या बापाच्या तोंडात पन्नास हजार आहेत आणि पायात शिवलेली चप्पल आहे.

मी कॉरिडॉरमध्ये बाबांवर ओरडलो, “मुद्दाम करता का तुम्ही?” ते म्हणाले, “अरे, तोंड रिकामं असलं की मला भीती वाटते.” मी म्हणालो, “मग भ्या!” आणि तो खिळा हिसकावून घेतला.

५. तेव्हापासून ते म्हणतायत, “जाऊ दे, उपटून टाकू, फुकट आहे.” फुकट नाहीये. मागच्या दाढा गेल्या की खिळा गालात अडत नाही, घशाकडे सरकतो. त्यांच्या उस्तादाच्या दाढा अशाच फुकट गेल्या होत्या. पुढे काय झालं ते बाबा सांगत नाहीत, फक्त गळ्यावर हात ठेवतात. शिवाय कारखान्याच्या मालकाने खिळ्यांऐवजी स्टेपलची बंदूक आणलीय. मला म्हणाला, “तुझ्या बापाचं तोंड संपलं की तू ये. बंदुकीला दात लागत नाहीत.” बाबा तिथेच होते. तोंडात खिळे होते म्हणून हसले नाहीत.

तरी विनंती अशी की, दोन्ही स्क्रू खोडावेत. तिसरा एक्स-रे काढावा, त्याआधी बाबांच्या गालावरून चुंबक फिरवावा, हातोडी मी आणलीय. तिन्ही दाढा दाताच्या रंगाच्या मटेरियलने सवलतीत भराव्यात, सहाशे माझ्याकडे आत्ता आहेत. आणि ह्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्यांनी स्वतः सही दिली तरी एकही दाढ उपटू नये. ते कुणालाही सही देतात.

मॅडमबद्दल मला अजून लिहायचं होतं. त्या स्वतः डाव्या बाजूनेच घास चावतात, मी बघितलंय, म्हणजे उजवी दाढ त्यांचीही दुखते, पण

शिपाई ओरडतोय, “उपटायचेवाले आत या, फुकटवाले!” मी मान वर करून बघितलं तर बाकावर बाबांची पिशवी आहे, बाबा नाहीत. दाढा उपटायच्या सात नंबरचं दार आतून लावून घेतलंय. तोंडात काहीच नाहीये त्यांच्या. मला जायला पाहिजे.

आपला,
सोफेवाल्याचा मुलगा

सोबत: एक्स-रे दोन, सवलत कार्डाची झेरॉक्स, खिळे दोन (धुतलेले).