उन्नतीचा बाक

अहो,
डाळ कुकरमध्ये आहे, भात तेवढा लावा. उन्नतीला मी माझ्या शाळेत घेऊन गेलेय. लगेच फोन करू नका, आधी वाचा.

काल पटासाठी फुलपाड्यात घरोघरी फिरत होते. पहिलीला मुलं मिळाली नाहीत तर सरकार आमची मराठी शाळा बंद करणार, हे तुम्हाला माहीतच आहे. एका आईने विचारलं, "बाई, तुमची मुलगी कुठे घातलीत?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याच शाळेत." तिने लगेच फॉर्मवर सही केली. म्हणाली, "मग माझी तिच्याच बाकावर बसू दे." आज ती लेकीला घेऊन येतेय.

इंग्रजी शाळेचा हट्ट तुमचा, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर मलाही तीच हवी होती. सरकारला नावं ठेवत दुसऱ्यांची मुलं गोळा करत होते आणि आपल्या मुलीचा तिकडचा युनिफॉर्म मीच शिवायला टाकला. शिंप्याकडून तो आज आणू नका.

उन्नतीला एवढंच सांगितलंय की नवी मैत्रीण भेटणार आहे. फक्त आजच्या दिवस नेतेय, असं लिहायला बसले होते. पण ती आई उद्याही बाकाकडे बघणार.

वैदेही