लेन्स ठरेपर्यंत

रविवार, ५ जानेवारी

आजपासून रोजनिशी. राग कुठेतरी ठेवायला हवा आणि घरातली कपाटं भरलेली आहेत.

कन्येच्या हॉकी सीझनची पहिली मॅच झाली. मेहुण्याने मोबाईलवर फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. हिरवं मैदान, टोकाला एक ठिपका. खाली लिहिलंय, आमची भाची, गोलकीपर नंबर वन. बावीस जणांनी अंगठे दाखवले. ठिपक्याला. मी त्या ठिपक्याचा बाप, आणि तो शोधायला मला चष्मा पुसावा लागला. तळपायाची आग मस्तकात गेली. ग्रुप म्यूट केला.

कन्येचा हा शेवटचा सीझन. जूनमध्ये ती शिकायला दुसऱ्या शहरात जाणार आणि तिच्या खेळाचा एकही धड फोटो या घरात नाही. ठरलं. लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो प्राइम लेन्स घ्यायची. एप्रिलच्या फायनलला एक फोटो काढायचा. एकच. पण हेल्मेटच्या जाळीतून तिचे डोळे दिसले पाहिजेत.

जेवताना जाहीर केलं. कन्या म्हणाली, नक्की ना बाबा? मला त्यातलं 'नक्की ना' आवडलं नाही.

बुधवार, ८ जानेवारी

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी झूम लेन्स पुढे केली. मी स्पष्ट सांगितलं, प्राइम. प्राइम म्हणजे एकच फोकल लेंथ. आत-बाहेर काही नाही, जे आहे ते आहे. माझा स्वभावही तसाच आहे.

तो म्हणाला, साहेब, खेळाडू पळतात, कधी जवळ येतात, कधी लांब जातात, झूम सोयीची पडेल. मी म्हटलं, माझी मुलगी गोलकीपर आहे, ती कुठेही जात नाही. गप्प बसला. मुद्देसूद बोललं की लोक गप्प बसतात, हे मी ऑफिसातही पाहिलंय.

रविवार, १२ जानेवारी

आज दुसरी मॅच. गेलो नाही. लेन्स नसताना जाऊन काय करणार, नुसतं बघणार?

दिवसभर अभ्यास. तीनशे मिलिमीटरची हलकी, पण पल्ला कमी. चारशेची उजेडाला उत्तम, पण वजन. पाचशेची मधलीच, आणि मधल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. सहाशेची म्हणजे सहाशेची. एका रिव्ह्यूवाल्याने म्हटलंय की सहाशेची घ्यायला पाठ लागते. या माणसाला माझ्या पाठीची काय माहिती?

या आठवड्यात निर्णय.

गुरुवार, २३ जानेवारी

निर्णय व्हायचाय, पण तयारी थांबलेली नाही. सहाशेची लेन्स तीन किलोच्या वर. हाताला सवय हवी.

मी वजन-मापे खात्यात आहे. शहरातले तराजू आम्ही तपासतो, त्यासाठी ऑफिसात पितळी प्रमाण वजनं असतात. जेवणाच्या सुट्टीत दोन किलोचं आणि एक किलोचं एकत्र टॉवेलात गुंडाळलं, डोळ्यासमोर धरलं आणि कॉरिडॉरमधून जाणाऱ्या लोकांचा माग काढायचा सराव केला. चौदाव्या मिनिटाला साहेब माझ्या फ्रेममध्ये आले.

साहेब म्हणाले, तुम्हाला वीस वर्षं झाली इथे, प्रमाण वजनाला उघड्या हाताने शिवायचं नाही हे मी सांगायचं का? घामाने वजन बदलतं. मी म्हटलं, टॉवेल होता. ते म्हणाले, टॉवेल कसला आहे ते बघतोय मी. आता ती वजनं पुन्हा तपासायला पाठवायची आणि कारणाच्या रकान्यात मी सही करायची. कारण काय लिहू? ज्याला छंद नाही अशा माणसाच्या हाताखाली काम करण्यासारखी शिक्षा नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

दुकानदाराने चारशेची पाच मिनिटं हातात दिली. म्हणाला, दारातूनच बघा, बाहेर नेऊ नका. समोर सलून. आत एक गृहस्थ दाढीला बसलेले. काय लेन्स आहे. साबणाचा एकेक बुडबुडा दिसत होता. मी त्यांच्या कानाच्या पाळीवर फोकस नेला, तेवढ्यात त्यांनी आरशातून मला पाहिलं.

गृहस्थ अर्ध्या दाढीनिशी रस्ता ओलांडून आले. काय काय बोलले ते लिहीत नाही. मी त्यांना समजावलं की तुमच्यात मला काडीचा रस नाही, मी फक्त शार्पनेस बघत होतो. त्यावर ते जास्तच चिडले. दुकानदाराने लेन्स काढून घेतली आणि माझ्याऐवजी त्यांची माफी मागितली.

या भानगडीत मॅच चुकली. याला जबाबदार सलूनवाले गृहस्थ.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चांगली बातमी. बाल्कनीतले कन्येचे ते घाणेरडे पॅड अखेर गेले. गोलकीपरचे पॅड म्हणजे दोन गाद्याच, त्यात घामाचा वास. तीन वर्षं मी ओरडतोय. कन्या म्हणाली, बाबा, टीममधल्या एका मुलीला दिले. मी म्हटलं, शाब्बास. तिथे आता लेन्सचं कपाट बसेल. लगेच टेपने मोजून घेतलं.

कन्या थोडा वेळ दारात उभी होती. काही विचारायचं असावं. मी टेपचं दुसरं टोक धरायला सांगितलं, तिने धरलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

जेवताना डोकं फिरलं. मी सहाशेच्या लेन्सचं किमान फोकस अंतर समजावून सांगत होतो. साडेचार मीटरच्या आतलं तिला काही दिसत नाही, सगळं धुरकट. हे महत्त्वाचं आहे. मध्येच कन्या म्हणाली, बाबा, कोचबाईंनी या वेळी मला… मी म्हटलं, बरी आठवण केलीस, कोचबाईंना सांग की फायनलला आपल्या गोलच्या डाव्या अंगाला मला जागा लागेल, आणि दहा मीटरच्या आत कोणी नको.

ही म्हणाली, अहो, तिचं वाक्य तरी पुरं होऊ द्या. मी ऐकतच होतो. शेजारी लेन्सचा रिव्ह्यू चालू होता, त्याचा आवाजसुद्धा कमी केला. अजून काय करायचं माणसाने? पण कन्या म्हणाली, राहू दे आई, नंतर सांगेन. मग हिने भांडी जरा जास्तच जोरात आवरली.

या घरात लेन्स या विषयाबद्दल कमालीची अनास्था आहे.

रविवार, १६ मार्च

ज्याला पक्षी टिपता येतो त्याला खेळाडू टिपता येतो, असं सगळे जाणकार म्हणतात. म्हणून पहाटे तलावावर. बगळा मिळाला. जुनी छोटी लेन्स लावून चार तास त्याच्यासमोर बसलो. हलला नाही. मीही हललो नाही. गोलकीपरसाठी याहून चांगला सराव नाही. अखेर तो उडाला तेव्हा मी थर्मासचं झाकण उघडत होतो. झाकणाचे सहा फोटो आले.

घरी आलो तर गोंधळ. सेमीफायनल जिंकले. आज होती हे मला कोणी सांगितलं नाही. ही म्हणते की फ्रिजवर महिनाभर चिठ्ठी लावलेली आहे. फ्रिजवर लेन्सचा तक्ता आहे, त्याच्या खाली चिठ्ठी लावली तर ती दिसणार कशी?

मेहुणा मोबाईल नाचवत आला. भावोजी, हा व्हिडिओ बघाच, तुम्हाला भलतंच काही बघायला मिळेल. मी बघितला नाही. हलणाऱ्या हाताने काढलेलं काहीही बघून मला माझी नजर बिघडवायची नाही. तसं त्याला तोंडावर सांगितलं. तो हसला. त्याच्या हसण्याचाही मला राग येतो.

रविवार, ६ एप्रिल

निर्णय झाला. सहाशेची.

सायंकाळी ५. पाचशेचीही वाईट नाही.

सायंकाळी ६.१५. घाईत घेतलेली लेन्स आयुष्यभर छळते. फायनलपुरती सहाशेची भाड्याने आणायची. ही हार नाही, फील्ड टेस्ट आहे. हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, फायनलला याल ना पण? काय प्रश्न आहे. तीन महिने मी करतोय काय?

शुक्रवार, १८ एप्रिल

लेन्स आली. बाळाला धरतात तशी धरून आणली. ऑफिसच्या टेपने मैदान मोजून आलो. माझ्या जागेपासून गोल अडतीस मीटर. कुठलीही गोष्ट मी नशिबावर सोडलेली नाही.

रविवार, २० एप्रिल, सकाळी ६.४०

फायनल. ऊन छान. कन्या निघताना म्हणाली, बाबा, मी कुठे असते माहितीये ना? मी म्हटलं, अडतीस मीटर. तिला ते फार विनोदी वाटलं असावं, हसत गेली.

दुपारी १

दोन हजार एकशे चाळीस फोटो. आम्ही जिंकलो, एक-शून्य.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत फ्रेममध्ये फक्त ती. मध्यंतरात बाजू बदलल्या, मी ट्रायपॉडसकट धावत दुसऱ्या टोकाला गेलो, पुन्हा अडतीस मीटर. ही आणि मेहुणा पलीकडे लोकांत बसले होते. मेहुणा हातवारे करून मला काहीतरी सांगत होता, लक्ष दिलं नाही. पलीकडच्या टोकाला आपल्यापैकी कोणीतरी गोल केला, मोठा आवाज झाला. मी मान वळवली नाही. फ्रेम सोडायची नसते.

आणि डोळे. जाळीच्या आत स्वच्छ, पापण्या मोजता येतील इतके. चेंडू येतानाची ती धास्ती, अडवल्यावरचा तो ओलावा. असे डोळे मी घरात कधी पाहिले नव्हते. डाव्या भुवईत एक तीळ आहे. अठरा वर्षांत तो माझ्या लक्षात आला नव्हता. याला म्हणतात लेन्स. मेहुण्याला आता तोंड लपवायला जागा उरणार नाही.

दुपारी ४ वाजता सगळ्यांना टीव्हीवर दाखवणार.

सायंकाळी ६

ती कन्या नाही.

ती टीममधली दुसरी मुलगी आहे, जिला कन्येने पॅड दिले. कोचबाईंनी फेब्रुवारीतच कन्येला पुढे खेळायला घेतलं. तिला पळायचंच होतं म्हणे, लहानपणापासून. तो गोल तिने केला.

मला कोणी सांगितलं नाही, असं मी तीनदा ओरडलो. हिने शांतपणे बोटांवर मोजत सांगितलं: पॅड दिले त्या दिवशी, जेवताना, सेमीफायनलला, आणि आज सकाळीही पोरीने विचारलं तुम्हाला. मी कोचबाईंवर ओरडलो, हेल्मेटवर ओरडलो, मेहुण्यावर ओरडलो. मेहुणा म्हणाला, भावोजी, मी हातवारे करून तेच सांगत होतो. मग मी हातवाऱ्यांवर ओरडलो.

कन्या रागावली असती तर बरं झालं असतं. तिने सगळे फोटो पाहिले, एकेक करून. म्हणाली, बाबा, फार सुंदर आलेत, तिला पाठवू का? तिचा पहिलाच सीझन आहे आणि तिच्याकडे कोणी फोटो काढायला नसतं. मी म्हटलं, पाठव. मग ती आत गेली आणि दार हळूच लावलं. तिने ते आपटलं असतं तर मला ओरडता आलं असतं.

सोमवार, २१ एप्रिल

रजा टाकली. लेन्स परत केली. दुकानदाराने विचारलं, कशी वाटली साहेब? मी म्हटलं, लेन्समध्ये दोष नाही. तो आश्चर्याने बघत राहिला, माझ्याकडून त्याला ही अपेक्षा नसावी.

बाहेर फूटपाथवर उभं राहून मेहुण्याला फोन केला. आवाज शक्य तितका कडक ठेवला. म्हटलं, कालचा तो तुझा व्हिडिओ पाठव. तो म्हणाला, भावोजी, ग्रुपवरच आहे, सगळ्या मॅचेसचे आहेत. तो हसला नाही.

घरी कोणी नव्हतं. ग्रुप उघडला आणि फेब्रुवारीपासून सगळे पाहिले. हात हलतो त्याचा. कोपऱ्यात बोट येतं. पण कन्या पळते. इतकी पळते हे मला माहीत नव्हतं. तिचा शर्ट अकरा नंबरचा आहे. प्रत्येक मॅचच्या आधी ती लोकांत बसलेल्यांकडे बघते. हिच्याकडे बघून हात हलवते, मामाकडे बघून हलवते, आणि मग त्यांच्या शेजारच्या खुर्चीकडे एकदा बघून घेते.

फायनलचा व्हिडिओ एक्केचाळीस सेकंदांचा. ती गोल करते आणि मैत्रिणींकडे न जाता वळते. अख्ख्या मैदानापलीकडे, दुसऱ्या टोकाकडे बघते आणि स्टिक वर धरते. मेहुण्याने मोबाईल तिकडे फिरवला आहे. तिथे मी आहे, वाकलेला, लेन्सला डोळा लावून, भलतीकडे तोंड करून. मोबाईल परत तिच्यावर येतो. ती तशीच उभी आहे.

मी मोजलं. स्टिक सात सेकंद वर आहे. मग ती खाली घेते.