सकाळी आतल्या खोलीतून आलेला शब्द

अगं, फोन का बंद ठेवलायस? आलीस की आधी हे वाच, चपला नंतर काढ.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातून कॉम्प्युटरच्या दोन डिस्क माझ्याकडे कामाला आल्या होत्या. जुनी कायमची पुसायची होती, नवीला हातही लावायचा नव्हता. मी धांदरटपणे नवीच जोडली. तिच्यात सगळ्या पेशंटांचे रिपोर्ट आहेत, दुसरी प्रत कुठेही नाही. पुसण्याआधी डिस्कला एक नवा पासवर्ड घालावा लागतो, तो घातला आणि तेवढ्यात चूक दिसली म्हणून वायर उपटली. रिपोर्ट आत शाबूत असणार, पण डिस्कला कुलूप बसलंय.

पासवर्ड तुझाच आहे. नेहमीसारखा मी ओरडलो, "एक शब्द सांग गं!" आणि तू आतून जे बोललीस ते टाइप केलं. आजवर बादली, उशी, झारा असलंच काहीतरी सांगायचीस. आज काय म्हणालीस? बोटांनी ऐकलं, मी नाही ऐकलं. झाडू, परात, साबण, सगळं टाकून झालं.

बाई चारला डिस्क न्यायला येतील. त्याआधी मीच जाऊन त्यांना खरं सांगतो. कालचं भांडण राहू दे बाजूला, तेवढा शब्द इथे खाली लिहून ठेव.

ता. क. चपला घालताना दिसलं, दारामागची तुझी मोठी बॅग नाहीये. आता शब्द आठवल्यासारखा वाटतोय. "जाते." टाकून बघायला हात धजत नाही. कुलूप उघडलं तर?